पद्मिनी, ऊन आणि आईची अट

जुनी गाडी चकाचक करणं सोपं असतं. वऱ्हाडातल्या एप्रिलमध्ये तिच्यात माणसाला बसवणं, तेही गप्पा मारत, हे खरं काम! आमच्या घरच्या निळ्या पद्मिनीवर अमरावती आणि अकोल्यात झालेल्या प्रयोगांची ही गोष्ट.

"मले नाई बसाचं पुन्हा या भट्टीत!"

हे वाक्य आईने उच्चारलं ते २०२४ च्या मे महिन्याच्या शेवटी, बोरगाव मंजू आणि मूर्तिजापूरच्या मधे, रस्त्याकडेच्या एका कडुनिंबाखाली. आम्ही अकोल्याहून अमरावतीला परत येत होतो. तो आठवडा आठवतोय? उष्णतेच्या लाटेमुळे अकोल्याच्या जिल्हाधिकाऱ्यांनी चक्क कलम १४४ लावलं होतं. दंगल नाही, मोर्चा नाही, नुसतं ऊन! कोचिंग क्लासच्या वेळा बदलल्या होत्या, शहाणी माणसं घरात कूलरसमोर बसून होती. आणि आम्ही तिघं दुपारी दीड वाजता प्रीमियर पद्मिनीत.

आईला आधी मळमळलं, मग चक्कर आली. बाबांनी गाडी बाजूला घेतली. त्याच वेळी पद्मिनीनेही अंग टाकलं, कारण अशा उन्हात इंजिनवरच्या पंपात पेट्रोलची वाफ होते आणि गाडी बंद पडते. जुन्या फियाटवाल्यांना यावरचा इलाज पाठ असतो. पंपावर ओलं फडकं ठेवायचं. बाटलीत घोटभर पाणी उरलं होतं. बाबांनी फडकं भिजवलं आणि... पंपावर ठेवलं.

आईच्या कपाळावर नाही, पंपावर.

आई माहेरची अकोल्याची. एरवी ती छान प्रमाण मराठी बोलते (शाळेत शिकवायची ना), पण भडकली की वऱ्हाडी सुरू. त्या कडुनिंबाखाली तिने जे वऱ्हाडी ऐकवलं त्यातलं छापण्यासारखं एवढंच. पुढे वर्षभर ती त्या गाडीत बसली नाही. अकोल्याला जायचं तर एसटी नाहीतर रेल्वे. बाबा मात्र दर रविवारी गाडी काढायचे, एकटेच.

आता ही पद्मिनी म्हणजे नेमकं काय, हे ज्यांनी फक्त एसी लावून गाडी चालवलीय त्यांच्यासाठी थोडक्यात. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सने १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट बनवायला घेतली. सत्तरच्या दशकात तिचं नाव पद्मिनी झालं. १०८९ सीसीचं इंजिन, ताकद चाळीस हॉर्सपॉवरच्या आसपास, गियरची दांडी स्टिअरिंगला. नव्या शतकाच्या उंबरठ्यावर तिचं उत्पादन थांबलं, आणि ३० ऑक्टोबर २०२३ ला मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सीही निवृत्त झाली. आमची १९८८ ची. बाबांच्या पहिल्या मोठ्या कर्जाची. रंग गडद निळा, जो फोटोत सॉलिड दिसतो आणि उन्हात तव्यासारखा तापतो.

२०२५ च्या जानेवारीत अकोल्याहून मामाचा फोन आला. मामेबहिणीचं लग्न ठरलं, मुहूर्त अक्षय्य तृतीयेचा, ३० एप्रिल. बाबा लगेच म्हणाले, "पद्मिनीनेच जाऊ. नवरीला स्टेजपर्यंत याच गाडीतून नेऊ." आई काहीच बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा जास्त काळजी करायची असते.

मी पुण्यात आयटीत. घरून काम करायची मुभा मागून फेब्रुवारीत अमरावतीला आले, आणि एका संध्याकाळी आईला सरळ विचारलं, "अगं, काय केलं तर बसशील?"

ती म्हणाली, "डोकं तापायला नको, पाय भाजायला नकोत. आणि मी मागून काही बोलले तर पुढे ऐकू गेलं पाहिजे. त्या दिवशी मी तीनदा सांगितलं होतं गाडी थांबवा म्हणून."

हे मला नवीन होतं. तीनदा! पुढच्या सीटवर मी होते, गाडी बाबा चालवत होते, आणि त्या खडखडाटात दोघांनाही एकदाही ऐकू आलं नव्हतं.

बाबांना सांगितलं तर त्यांचीही अट तयार. "काय करायचं ते कर. पण गाडीचा आवाज मारू नको. मला इंजिन ऐकू आलं पाहिजे." छत्तीस वर्षं ते कानाने गाडी चालवत आलेत. कुठला नट सैल झालाय ते आवाजावरून सांगतात. म्हणजे एकीला शांतता पाहिजे, दुसऱ्याला आवाज, आणि गाडी एकच.

ऊन आत येतं कुठून?

माझा पहिला फंडा साधा होता. एसी बसवून टाकू! गॅरेजवाल्याने हसून वाटेला लावलं. चाळीस हॉर्सपॉवरमधून कॉम्प्रेसर फिरवायचा तर बडनेऱ्याच्या उड्डाणपुलावर उतरून ढकलावं लागेल, असं त्याचं म्हणणं. मग मी वाचायला बसले.

गाडी तापते ती तीन वाटांनी. वरून छत, बाजूने काचा, खालून इंजिन, गिअरबॉक्स आणि सायलेन्सरचा पाइप. आजच्या गाड्यांत छताच्या आत फोम असतो, जमिनीवर जाड थर असतात, काचाही वेगळ्या असतात. पद्मिनीत छताचा पत्रा, खाली चार बोटं पोकळी आणि मग तारांवर ताणलेलं कापड. बस. दुपारी गडद रंगाचा पत्रा सत्तर अंशांच्या आसपास सहज जातो, आणि तो गरम पत्रा खाली बसलेल्या माणसाकडे उष्णता फेकत राहतो. चुलीसमोर बसल्यावर हवा गरम नसली तरी गाल भाजतात ना, तोच प्रकार. आईची चक्कर नुसत्या गरम हवेने आली नव्हती. डोक्यावर चूल होती.

अमेरिकेत २००५ मध्ये 'पेडियाट्रिक्स' या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला होता. उन्हात उभ्या गाडीच्या आतलं तापमान तासाभरात सरासरी २२ अंश सेल्सिअसने वाढलं, आणि त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. काच थोडी खाली ठेवूनही फारसा फरक पडला नाही. हा अभ्यास बाहेर २२ ते ३६ अंश असतानाचा. आमच्याकडे ३६ म्हणजे सकाळचे नऊ. (मूल असो, म्हातारं माणूस असो की कुत्रं, "पाच मिनिटांत येतो" म्हणून उभ्या गाडीत कुणालाही सोडू नका. हे विनोदाने नाही सांगत.)

मार्चच्या पहिल्या रविवारी आम्ही सीट काढल्या आणि जमिनीवरचं मॅटिंग उचललं. खाली ताग आणि नमद्याचा मूळ थर होता, निदान त्याचे अवशेष होते. त्यात एक रुपयाची तीन नाणी, माझी दुसरीतली पेन्सिल आणि कुणाच्या तरी मुंजीची पत्रिका. नमदा कायम ओला, कारण पुढच्या काचेचं रबर कडक होऊन फाटलेलं आणि पावसाचं पाणी तिथून थेट खाली. पुढच्या उजव्या बाजूला गंजाने खाल्लेल्या भोकातून अंगणातल्या फरशा दिसत होत्या. बाबा ते भोक बराच वेळ बघत राहिले. रोज ज्यावर पाय ठेवतो ती जमीनच नाही म्हटल्यावर कुणीही गप्प होईल.

तेव्हा जुनी गाडी घेऊन कुणी थेट शीट चिकटवायच्या गोष्टी करत असेल तर त्याला थांबवा. आधी गंज. तारेच्या ब्रशने घासा, सडलेला पत्रा कापून नवा वेल्ड करा, रेड ऑक्साइड मारा, काचांची आणि दारांची रबरं बदला, आणि पाण्याचा पाइप सोडून गळती तपासा. गळक्या गाडीत इन्सुलेशन करणं म्हणजे ओल्या भिंतीला वॉलपेपर लावणं. आतून गंज चालूच राहतो, फक्त आता तो दिसत नाही. जुन्या वायरिंगचंही तसंच. सोललेल्या वायरवर फोम दाबून बसवायचा आणि मग आग लागली की नशिबाला दोष द्यायचा, याला अर्थ नाही. आमचा तीन आठवड्यांचा वेळ आणि निम्मा खर्च यातच गेला. त्यात ग्लॅमर शून्य.

डांबराचा पाऊस

यानंतर मी जो शहाणपणा केला तो सांगायला लाज वाटते, पण सांगते.

अमरावतीतल्या एका दुकानदाराने मला पटवलं की गाडीची महागडी शीट आणि गच्चीच्या वॉटरप्रूफिंगची चिकट डांबरी शीट यांत काही फरक नसतो. दिसायला दोन्ही सारख्याच. वरून चकचकीत अॅल्युमिनियम, खाली काळा चिकट थर. किंमत मात्र पावपट. मी खूश! छताचं कापड काढलेलंच होतं. आम्ही छताला आतून एक इंच न सोडता शीट चिकटवली. पत्र्यावर टिचकी मारली तर "टण्ण"च्या ऐवजी "ठप्". मी बाबांकडे बघून कॉलर ताठ केली.

चौथ्या दिवशी पारा चाळिशीला टेकला आणि छत पाझरायला लागलं. गाडीत पाऊल टाकताच नव्या डांबरी रस्त्याचा वास. मधली शीट सुटून लोंबत होती, आणि तिचा काळा लेप बाबांच्या पांढऱ्या टोपीवर उतरला होता. डांबर उष्णतेने मऊ होतं हे काय आम्हाला माहीत नव्हतं? रस्ते बघत नाही का आम्ही? गच्चीवर शीट जमिनीला चिकटलेली असते, गुरुत्वाकर्षण तिला खाली दाबतं. छताला आतून लावली की तेच गुरुत्वाकर्षण तिला ओढतं. ती खरवडून काढायला दोन दिवस, रॉकेल आणि एक मैत्री खर्ची पडली.

या सगळ्यात आई एकदाच अंगणात आली. लोंबणारं डांबर बघितलं, "छान," म्हणाली आणि आत गेली.

पत्रा बोलते

मग मामाने अकोल्यातल्या एका कुशनवाल्या चाचांचं नाव सुचवलं. सत्तरीचे, आयुष्यभर अॅम्बेसेडर आणि फियाटच्या सीट शिवलेले. पद्मिनी टेम्पोवर लादून अकोल्याला नेली. चाचांनी काहीही न विचारता सगळ्या पत्र्यांवर बोटाच्या पेराने ठोकायला सुरुवात केली. दार, छत, जमीन, मधला बोगदा, डिकी. जिथे आवाज लांबत जाई तिथे खडूने गोल, जिथे लगेच विरे तिथे काही नाही.

"पत्रा बोलते बेटा. आपल्याले फक्त आयकाचं असते," ते म्हणाले. "पूर्ण गाडीले काऊन चिपकवता? वजन वाढते, इंजिन तेवढंच राह्यते."

त्यांना थिअरी ठाऊक असेल-नसेल, पण अभियांत्रिकीची पुस्तकंही हेच सांगतात. मोठा सपाट पत्रा ढोलाच्या कातड्यासारखा थरथरतो. त्याच्या मधोमध ब्युटाइल रबराची शीट, वर अॅल्युमिनियमचा पातळ पत्रा, असा थर चिकटवला की पत्रा वाकताना मधलं रबर ताणलं-दाबलं जातं आणि थरथरीतली ऊर्जा किंचितशा उष्णतेत विरते. याला सगळा पत्रा झाकावा लागत नाही. पाव ते निम्मा भाग योग्य जागी झाकला तरी बहुतेक काम होतं. दोन मिलिमीटर जाडीची शीट चौरस मीटरला तीन किलोच्या वर भरते. सगळी गाडी मढवली असती तर पद्मिनीत कायमचा एक शाळकरी पाहुणा बसवल्यासारखं झालं असतं.

पण ही शीट उष्णता अडवत नाही. इथेच बहुतेक लोक फसतात, मीही फसले होते. चकचकीत फॉइल दिसली की वाटतं, झालं, ऊन परतवलं. फॉइल उष्णता परतवते ती तिच्यासमोर मोकळी हवा असेल तरच. दोन थरांत दाबली की ती नुसता धातू असते, आणि धातू उष्णता खुशाल पुढे देतो. उष्णतेसाठी लागतो हवेचे बंद बुडबुडे असलेला, पाणी न पिणारा फोम. चाचांनी यासाठी जे वापरलं ते मोठ्या इमारतींत एसीच्या डक्टला गुंडाळतात ते काळं नायट्राइल रबर. छताला दहा मिलिमीटर, जमिनीला सहा. खाली नव्या फिकट कापडाचं लायनिंग ताणलं, फोम आणि कापड यांच्या मधे मुद्दाम थोडी पोकळी ठेवून. शेजारच्या दुकानातल्या एका पोराने थर्माकोल सुचवलं. चाचांनी त्याला फक्त काडेपेटी दाखवली.

दारांच्या आत शीट लावताना खालची पाणी जायची छिद्रं त्यांनी एकेक तार घालून मोकळी केली. दाराच्या काचेवरून पाणी आत जातंच, ते बाहेर पडायला वाट पाहिजे. ती बुजली की दुसऱ्या पावसाळ्यात दार खालून सडतं. एक चूक त्यांच्याकडूनही झाली. पायाखालचा थर जाड झाला आणि अॅक्सिलरेटर पूर्ण दबेना. ट्रायलला निघालो तर गाडी पन्नासच्या वर जाईना, बाबांचा चेहरा पडलेला. परत येऊन तेवढा तुकडा कापून पातळ केला.

कुठला आवाज मारायचा?

१९५८ मध्ये डेव्हिड ओगिल्व्ही या जाहिरातगुरूने रोल्स रॉइसची जी जाहिरात लिहिली ती आजही जाहिरातीच्या वर्गात शिकवतात. ताशी साठ मैलांवर या गाडीत सगळ्यात मोठा आवाज घड्याळाचा असतो, अशा अर्थाची. आमच्या पद्मिनीत ताशी साठ किलोमीटरवर घड्याळ सोडा, आई ऐकू येत नव्हती.

बाबांच्या अटीपायी मी एक वही केली. दोन ट्रायल घेतल्या आणि प्रत्येक आवाजाची नोंद केली. अॅश-ट्रेची टिकटिक. डाव्या दारातली काच वर-खाली करायच्या यंत्राची खडखड. ग्लव्ह बॉक्सच्या झाकणाचा टाळ. बोगद्याखालून येणारी गिअरबॉक्सची घरघर. आणि फायरवॉल, म्हणजे इंजिन आणि आपले पाय यांच्यामधली पत्र्याची भिंत, तिच्यातून येणारं सगळंच. त्या भिंतीत वायरी, केबल, स्टिअरिंग, गियरच्या दांड्या यांच्यासाठी भोकं असतात. ग्रोमेट म्हणतात ती रबरी कडी कधीच झडून गेलेली. आवाजाचं पाण्यासारखं आहे. भिंत कितीही जाड करा, बोटाएवढं भोक राहिलं की तो तिथून येतो. आणि नुसता आवाज नाही, गरम हवा आणि धूरही. ग्रोमेटवर खर्च झाले तीनशे-साडेतीनशे रुपये. अख्ख्या प्रकल्पात पैशाला इतका फरक दुसऱ्या कशानेच पडला नाही. अॅश-ट्रेला नमद्याचा तुकडा लावला, त्याचे शून्य रुपये.

मग बाबांना चालवायला दिली. अकोल्याच्या बाहेर जाऊन वीस मिनिटांनी परत आले. मी श्वास रोखून उभी. म्हणाले, "टॅपेट वाजतंय."

"म्हणजे आवाज मारला नाही ना?"

"अगं, टॅपेट वाजतंय! तिसऱ्या सिलिंडरचं. किती दिवस वाजत असेल कोण जाणे, या खडखडीत ऐकूच येत नव्हतं."

इतके खूश मी त्यांना माझ्या कॅम्पस प्लेसमेंटच्या दिवशीही पाहिलं नव्हतं. इतकी वर्षं ते जे ऐकत होते त्यातलं निम्मं इंजिन नव्हतंच, अॅश-ट्रे होता.

काचा, वाळा आणि हवा

राहिल्या काचा. काळ्या फिल्मचा नाद मी सोडला. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर बंदी आणल्यापासून चौकाचौकात हवालदारांशी होणारे संवाद मला ठाऊक आहेत, आणि जुन्या गाडीकडे तसंही सगळ्यांचं लक्ष असतं. उभ्या गाडीला पुढच्या काचेवर चंदेरी पडदा आणि टपावर जुनी पांढरी चादर, एवढंच. फिकट टप कमी तापतो. मी बाबांना टप पांढरा करू म्हटलं तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की विषय संपला.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. इन्सुलेशन म्हणजे एसी नाही. बाहेरची हवा त्रेचाळीस अंश असेल तर चालत्या गाडीत येणारी हवाही त्रेचाळीसच. फोम ती थंड करत नाही, फक्त पत्र्याची चूल विझवतो. पण वऱ्हाडाचं ऊन कोरडं असतं, आणि कोरड्या हवेत पाणी झपाट्याने उडतं. आमचे कूलर यावरच तर चालतात! पन्नासच्या दशकात अमेरिकेतल्या वाळवंटी भागातले लोक गाडीच्या खिडकीला नळकांड्यासारखा पाण्याचा कूलर अडकवून फिरत, हे वाचल्यावर मला वाटलं, ही मंडळी अमरावतीचीच असणार. आम्ही त्याची गरीब आवृत्ती केली. पद्मिनीच्या पुढच्या दाराला ती गोड त्रिकोणी काच असते, ती फिरवली की वारा थेट आत वळतो. तिच्यामागे भिजवलेल्या वाळ्याची चपटी पिशवी टांगली, बारा व्होल्टचा छोटा पंखा मागच्या सीटकडे वळवला. आईसाठी ओला दुपट्टा आणि पाच लिटरची कॅन. पंपासाठी वेगळं फडकं, वेगळी बाटली. तिच्यावर मी मार्करने 'इंजिन' लिहिलं.

अकोला व्हाया मूर्तिजापूर

३० एप्रिलला सकाळी साडेसहाला निघालो तेव्हा आई मागच्या सीटवर बसली. काही बोलली नाही, फक्त छताला हात लावून पाहिला. सकाळचं काय, सकाळी कुठलीही गाडी बरी वाटते. बडनेरा मागे पडलं, लोणी आलं. याच रस्त्यावर जून २०२२ मध्ये डांबरी रस्त्याची एक लेन सलग ७५ किलोमीटर घातली गेली, १०५ तास ३३ मिनिटांत, आणि गिनीज बुकात नोंद झाली. आधीचा विक्रम कतारचा, पंचवीस किलोमीटरचा. बाबांनी हे आईला सांगितलं आणि आईने मागून विचारलं, "कतारला एवढं ऊन, तिथं डांबर वितळत नाही का? आपल्या छताचं तर वितळलं."

बाबा आणि मी एकदम एकमेकांकडे पाहिलं. ऐकू आलं होतं!

लग्न थाटात झालं. नवरी पद्मिनीतून स्टेजपर्यंत गेली, फोटोग्राफरने दोनशे फोटो काढले, चाचा पंगतीला होते. जेवणं होईस्तोवर दोन वाजले. मामाने आग्रह केला, उन्हं उतरल्यावर जा. बाबा तयार होते, मीसुद्धा. आई पर्स घेऊन उभी राहिली. "आताच निघू. एवढे पैसे घातले ना गाडीत?"

बाहेर पारा चाळिशीच्या बराच वर. मी सारखी आरशातून तिचा चेहरा बघत होते. त्रिकोणी काचेतून वाळ्याचा वास येत होता, तोही बोरगावपर्यंतच, कारण पिशवी सुकली आणि मी दोनदा भिजवली. घाम सगळ्यांना आला. पाय गरम झाले, भाजले नाहीत. आई बोलत होती. मठ्ठा पातळ होता, वहिनीने दिलेली साडी आपणच मागच्या वर्षी तिला दिली होती, वराकडच्या काकू ओळखीच्या निघाल्या... खाली टॅपेटचा तो बारीक टिकटिक आवाज, आणि तिच्या प्रत्येक वाक्याला बाबांचं "हं".

मूर्तिजापूरच्या अलीकडे तो कडुनिंब दिसला. बाबांनी न सांगता गाडी हळू केली. मी कॅनकडे हात नेला.

"काऊन थांबता?" मागून आवाज आला. "चला ना. मले काई झालं नाई."

बाबांनी गियर टाकला. माना गेलं, लोणी आलं, बडनेऱ्याला चहा झाला. घराच्या फाटकाशी आई उतरली, दुपट्ट्याने तोंड पुसलं आणि गाडीकडे वळून बघितलं.

"मागच्या काचेतून मानेवर ऊन येतं," ती मला म्हणाली. "तिथं एक पडदा शिवून घे चाचांकडून. फिकट रंगाचा."